न दुखणारी गाठ

(फोंडा येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांपासून सुरुवात करते. मूत्रपिंड बदलून त्यांना 3 वर्षं झाली होती. चतुर्थीच्या आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छतासाठी, कांगण्या, कवंडळं अशी रानफळं आणायला रानात गेले आणि घोट्याजवळ काटा मोडला. काटा काढला, हळद लावली, विसरून गेले. शिगम्याच्या सुमाराला तिथं सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, लाल नव्हती, ताप नव्हता. घरचे म्हणाले, दुखत नाही ना, मग राहू दे. पहिल्यांदा तपासलं तेव्हा मीही चरबीची गाठ समजून तेच म्हणाले. ती चूक मी विसरलेले नाही.

वेदना, लाली, सूज यांतलं बरंचसं जंतू करत नाहीत, आपलं शरीर करतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, धावून येतात, त्याची ती गडबड असते. नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन घ्यावं लागतं, आणि हीच औषधं पहारेकऱ्यांना गप्प बसवतात. म्हणून अशा माणसाची गाठ दुखत नसेल, तर मला जास्त काळजी वाटते.

दोन महिन्यांनी ती गाठ काढली. आत तपकिरी पू आणि मधोमध काट्याचा कुजका तुकडा! सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तपकिरी तंतू दिसले. हा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. त्याच्या आडोशानं ही बुरशी आपल्या पेशींचा मारा चुकवते. एरवी ती कुजक्या लाकडावर, पालापाचोळ्यात राहते. आपल्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, तिला काय कमी? पण बहुतेक बुरशींना 37 अंशांची ऊब सोसत नाही, आणि उरलेल्यांना पांढऱ्या पेशी आवरतात. पायाची कातडी मात्र थंड असते, आणि या बागायतदारांच्या पेशी औषधांनी थोपवलेल्या होत्या.

म्युकर ही बुरशी वेगळी. 2021 मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून तो घराघरांत पोहोचला, पण ही बुरशी स्वतः काळी नसते. रक्तवाहिन्या तुंबून मांस मरतं, ते काळं दिसतं. अपघातात जखमेत माती गेली, तर तो कातडीतही शिरतो, क्वचित धडधाकट माणसाच्याही. गाठ महिने घेते. म्युकरची काळी कड काही तासांत पुढे सरकते. त्याला शस्त्रक्रिया आणि बुरशी मारणारं अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही.

म्हणून बुरशीचं नाव कळायला हवं, आणि इथंच आपण हरतो. कातडीचा तुकडा काढला की सगळा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत टाकायची सवय आहे. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग प्रयोगशाळेत उगवणार काय? अर्धा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये जायला हवा. शिवाय चिठ्ठीवर ‘बुरशीचा संशय’ लिहायला हवं, कारण नेहमीसारखा तुकडा कुटला तर म्युकरचे नाजूक तंतू तुटतात आणि उगवत नाहीत. तो बारीक कापायचा असतो. तुमच्या घरच्या माणसाची बायोप्सी असेल, तर नातेवाईक म्हणून हे जरूर विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत, आणि रागावले तरी विचारा.

त्या बागायतदारांना आम्ही इट्राकोनाझोल ही बुरशीवरची गोळी दिली, पण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलल्यावरच. या गोळीनं रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि जपलेलं मूत्रपिंडच धोक्यात येतं. टॅक्रोलिमस कमी करून, पुन्हा पुन्हा रक्त तपासून आम्ही ते महिने काढले. कोणी फार्मसीतून स्वतःच्या मनानं बुरशीची गोळी घेतो असं ऐकलं, की माझ्या पोटात गोळा येतो. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाची ट्यूबही तशीच. खाज थांबते, बुरशी पसरते.

ते गृहस्थ आता बरे आहेत. यंदाही माटोळीच्या सामानाला गेले, पण गमबूट आणि हातमोजे घालून. संध्याकाळी पत्नीनं ओसरीवर बसवून बॅटरीच्या उजेडात त्यांचे हातपाय तपासले. कोपराजवळ एक बारीक ओरखडा सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता मला त्यांचा फोन आला.