गुबगुबीत 'मोदक'

नमस्कार श्रोतेहो. आज अक्षरांविषयी बोलायचंय, आणि रेडिओवर अक्षरं काही दाखवता येत नाहीत. तेव्हा हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्याच. एक मोठा 'क' काढा. आता त्याची रेघ गिरवून गिरवून जाड करत चला. आधी डावीकडचं पोट बुजायला लागेल, मग उजवीकडची कमान दांड्याला चिकटेल. दोन्ही बुजलं की 'क' संपला, उरला नुसता डाग.

वाचता येण्याजोगं ठेवून देवनागरी अक्षर किती जाड करता येईल, हाच प्रश्न मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेतले सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी हाती घेतला. सुरुवात झाली हातानं काढलेल्या रेखाटनांपासून, आणि त्यातून तयार झाला 'मोदक' हा फॉन्ट. पोटातली पोकळी आवळत आवळत तिची पांढरी फट केली. अक्षर ओळखायचं ते त्या फटीवरून! एकट्या 'क'चं जमेलही हो, पण 'क्ष' आणि 'ज्ञ'ला आधीच दाटीवाटी, वर मात्रा, खाली उकार. खरा कस तिथे लागतो.

हा फॉन्ट मोफत मिळतो, आणि मुक्त परवाना असल्यामुळे दुकानाच्या पाटीवर किंवा खाऊच्या पुड्यावर वापरला तरी पैसे पडत नाहीत. लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, वाढदिवसाचा फलक, टी-शर्ट, असल्या ठिकाणी तो शोभतो. शोकसभेच्या निमंत्रणावर मात्र नको. आणखी एक. अक्षरांचे चित्रकार कमल शेडगे नाटकाचं नाव हातानं रेखाटायचे, त्या नाटकाचा स्वभाव बघून. फॉन्टमध्ये 'काका' लिहिलं तर दोन्ही 'का' हुबेहूब सारखे येतात. हाताची मजा वेगळीच, हे मान्य करायला हवं.

माझी फजितीही सांगतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं पत्रक मी केलं. हौसेपोटी दहा दिवसांचा अख्खा कार्यक्रम मोदकमध्ये, बारीक अक्षरात. पडद्यावर झकास दिसत होता. झेरॉक्स काढल्या आणि फटी काळ्या शाईनं भरल्या. तळमजल्यावरचे काका कागद डोळ्यांपासून लांब धरत, मग जवळ आणत म्हणाले, "अरे, आरती कितीला, ते तरी तोंडी सांग!"

चूक फॉन्टची नव्हती. दुरून दिसायला केलेली अक्षरं मी मुंग्यांएवढी करून ठेवली होती. पुढच्या वर्षी 'गणपती बाप्पा मोरया' तेवढं मोदकमध्ये घेतलं, चांगलं वीतभर उंच. खालचं वेळापत्रक 'मुक्ता'मध्ये, तोही 'एक टाइप'चाच, सडपातळ आणि सरळ. काकांनी ते जिन्यातूनच वाचलं, चष्मा खिशात ठेवून.