भोपळ्यावरचा भुंगेरा

सासवडकडचं सीताफळ. डोळे उघडायला लागलेत, म्हणजे तोडणी जवळ आली. पण डोळ्यांच्या मधल्या खाचांत बघा, पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं काहीतरी. हा पिठ्या ढेकूण. बागेत सगळे मिलीबगच म्हणतात. रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते. असं फळ बाजारात मागे पडतं.

ही पांढरी पिशवी मादीची. आत शेकड्यांनी अंडी. वरच्या मेणावरून औषधाचं पाणी असं ओघळून जातं. औषध लागू पडतं ते नुकत्या निघालेल्या पिल्लांना. पण त्यांची वेळ कुणी साधत नाही, पंप त्याआधीच पाठीवर चढलेला असतो.

आता या खोलीत या. इथे मिलीबग खाणारे भुंगेरे वाढवतात. लाकडी पिंजरे, आणि आत लाल भोपळे. भोपळा खोल खाचांचा हवा आणि देठ शाबूत हवा: खाचांत किडीला थारा मिळतो, देठाला धरून उचलता येतं. आधी धुऊन पुसायचा, बुरशीनाशकात बुडवायचा, खरचटलं असेल तिथे वितळलेलं मेण लावायचं, नाहीतर काम होण्याआधीच कुजतो. मग त्यावर मिलीबग सोडायचा. हो, मुद्दाम. दोन-तीन आठवड्यांत भोपळा पांढराफटक झाला, की आत हे भुंगेरे येतात. पुढची पिढी तयार व्हायला साधारण महिना.

या भुंगेऱ्याचं नाव क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझायरी. जेमतेम चार मिलिमीटर, काळी पाठ, नारिंगी डोकं. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1891 मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी तो कॅलिफोर्नियात नेला. भारतात आला 1898 मध्ये, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. तिथे त्याचं फारसं जमलं नाही. मिलीबगवर मात्र ताव मारला.

त्याची मादी मिलीबगच्या अंड्यांच्या पिशवीतच अंडी घालते. अळीला खाणं शोधत फिरावं लागत नाही.

आणि ही ती अळी. अंगभर पांढरे मेणाचे झुपके. मिलीबगच वाटली ना? बागेतही तेच वाटतं. कीड वाढली म्हणून फवारा बसतो, आणि मरते ती हीच. नीट बघा: मिलीबग बहुतेक जागचा हलत नाही, ही तुरुतुरु चालते. पूर्ण वाढली की आकारानेही त्याच्या दुप्पट-तिप्पट.

बागेत भुंगेरे सोडण्याआधी खोड बघायचं. मुंगळे त्या गोड पाण्यासाठी वर चढतात आणि भुंगेऱ्यांना हुसकतात. म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्यात, तण काढलंय, आणि खोडाला ही प्लॅस्टिकची पट्टी, वर ग्रीस.

भुंगेरे सोडायचे ऊन उतरल्यावर, कीड दिसते त्याच झाडांवर. त्यानंतर कडक कीटकनाशक बंद. फारच गरज पडली तर व्हर्टिसिलियम लेकॅनी, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, तीही हवा दमट असताना. आणि शेजारच्या बागेत फवारणी चालू असेल, तर त्या दिवशी भुंगेऱ्यांची डबी उघडूच नका.