पक्षांची मधली फळी आणि लोकानुनयाची लाट

श्रोतेहो, नमस्कार.

१७ फेब्रुवारी १९९२ रोजी इटलीतील मिलान शहरात एका वृद्धाश्रमाच्या अध्यक्षाला लाच घेताना रंगेहाथ पकडण्यात आले. मारिओ किएझा हे त्याचे नाव, समाजवादी पक्षाचा तो स्थानिक पुढारी होता, आणि त्याच्या हाती नुकतीच पडलेली रक्कम होती सत्तर लाख लिरा. लाच देणारा साफसफाईचा कंत्राटदार आधीच तपास यंत्रणेकडे गेला होता. पक्षाने सुरुवातीला हा एका माणसाचा अपराध ठरवून हात झटकले. पण पुढे किएझा बोलू लागला आणि सगळ्याच मोठ्या पक्षांच्या लाचखोरीची वीण उसवत गेली. महायुद्धानंतर जवळपास पन्नास वर्षे इटलीच्या सत्तेच्या केंद्रस्थानी असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष जानेवारी १९९४ मध्ये संपुष्टात आला. त्याच महिन्यात दूरचित्रवाणी वाहिन्यांचे मालक सिल्विओ बेर्लुस्कोनी यांनी राजकारणात उतरल्याचे जाहीर केले, आणि मार्चमध्ये त्यांच्या आघाडीने निवडणूक जिंकली.

या घटनांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लोकानुनयी नेता आला आणि त्याने जुने पक्ष मोडले, असे आपण सहज बोलून जातो. इटलीत मात्र पक्ष आधी कोसळले होते. नेता नंतर आला.

लोकानुनयवाद, म्हणजे ज्याला पॉप्युलिझम म्हणतात तो, केवळ लोकांना आवडेल ते बोलणे इतकाच नसतो. ‘लोक’ हे एकसंध आणि निष्पाप आहेत, वर बसलेले मूठभर लोक भ्रष्ट आहेत, आणि खऱ्या लोकांचा आवाज फक्त मी आहे, असा त्याचा दावा असतो. हा दावा पटायचा तर नेता आणि नागरिक यांच्यामध्ये दुसरे कोणी उभे असता कामा नये. ती मधली जागा राजकीय पक्षाची असते, म्हणून पक्ष तिथे नेमके काय करतो हे थोडे थांबून पाहायला हवे.

कारखान्याच्या वस्तीतली पक्षाची एखादी शाखा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी कामावरून आलेली माणसे तिथे बसतात. कोणी घरभाड्याचे गाऱ्हाणे घेऊन येतो, कोणी वस्तीतला दवाखाना बंद होणार म्हणून संतापलेला असतो. शाखेचा सचिव ते वहीत टिपून जिल्ह्याच्या बैठकीत मांडतो, आणि तिथे त्याला कळते, की दुसऱ्या शाखेला तेवढेच पैसे पुलासाठी हवे आहेत. वाद होतो, तडजोड होते, आणि कधीकधी त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. मग पुढच्या बैठकीत तोच माणूस, ज्याला सगळे नावाने ओळखतात, उभा राहून सांगतो, की यंदा हे होणार नाही, आणि का होणार नाही. लोक चिडतात, पण तो उद्याही तिथेच भेटणार असतो. गाऱ्हाणे वर नेण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते त्याहून अवघड आणि मोलाचे काम आहे ते हा ‘नाही’ खाली आणून, समोर बसून समजावून सांगण्याचे.

ही मधली फळी अनेक देशांत विरळ झाली. जर्मनीतील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे १९७६ मध्ये दहा लाखांहून अधिक सदस्य होते. आज ते चार लाखांच्याही आत आहेत. १९७६ मध्ये हा पक्ष आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट्सची युती यांना मिळून सुमारे ९१ टक्के मते पडली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आकडा ४५ टक्क्यांवर आला, आणि ‘आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड’ या कडव्या उजव्या, लोकानुनयी पक्षाने २०.८ टक्के मते घेतली. कारखाने कमी झाले, कामगार संघटना आणि चर्च यांची पकड सैल झाली, हे खरेच. पण अनेक देशांत पक्षांना सरकारी अनुदान मिळू लागले, वर्गणी देणाऱ्या सदस्यावाचून त्यांचे अडेनासे झाले आणि त्याच्या जागी सल्लागार व जनमत चाचण्या आल्या. या कारणाचे मला सर्वांत जास्त दुःख वाटते, कारण ही वाट पक्षांनी स्वतः निवडली.

व्हेनेझुएलात हे आणखी कठोर रीतीने दिसले. पक्षांनी आपसांत केलेल्या १९५८ च्या करारानंतर तिथे दोन मोठे पक्ष आलटून पालटून राज्य करत होते. त्यांपैकी एका पक्षाचे नेते कार्लोस आंद्रेस पेरेझ यांनी तेलाच्या भरभराटीच्या दिवसांची आशा जागवून निवडणूक जिंकली, फेब्रुवारी १९८९ मध्ये सूत्रे हाती घेतली, आणि त्याच महिन्यात काटकसरीचा कार्यक्रम लादला. बसभाडे वाढताच काराकासमध्ये उद्रेक झाला आणि तो दडपताना शेकडो माणसे मेली. ती काटकसर टाळता आली असती का, यावर मतभेद असू शकतात. पण ती का आली हे वस्तीत जाऊन सांगणारे विश्वासाचे माणूस पक्षाकडे उरले नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये तर दोन्ही पक्षांनी ऐन वेळी आपापले उमेदवार वाऱ्यावर सोडून तिसऱ्यालाच पाठिंबा दिला, आणि लोकानुनयी नेते ह्यूगो चावेझ ५६ टक्के मतांनी निवडून आले.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. हंगेरीत लोकानुनयी नेते व्हिक्टर ओर्बान यांचा फिदेस हा नवखा पक्ष नव्हता. १९९८ पासून चार वर्षे त्याने देश चालवला होता. मग पक्ष दुबळे झाल्याने लोकानुनय वाढतो, हे तिथे कसे लागू पडावे? याचे उत्तर २००२ च्या पराभवानंतरच्या दिवसांत सापडते. ओर्बान यांनी तेव्हा समर्थकांना ‘नागरिक मंडळे’ स्थापन करण्याचे आवाहन केले, आणि गावोगावी शेजारी, शिक्षक, चर्चला जाणारी कुटुंबे अशी माणसे एकत्र जमू लागली. सत्तेतील समाजवाद्यांच्या पंतप्रधानांचे, आपण लोकांशी खोटे बोललो अशी कबुली देणारे भाषण २००६ मध्ये फुटले, तेव्हा त्या पक्षाकडे संतापलेल्या मतदाराशी घरी बसून बोलणारे फारसे कोणी नव्हते. मंडळे होती ती दुसऱ्या बाजूची. २०१० मध्ये फिदेसला संसदेत दोन तृतीयांश जागा मिळाल्या.