घराच्या पुढच्या खोलीतली गोळी

पांढरी भुकटी वरून साच्यात पडते. एक दाब, आणि गोळी बाहेर. हे आयबुप्रोफेन, दुखण्यावरचं आणि तापावरचं औषध. नुसतं गिळलं तर घशात झोंबतं, म्हणून या फिरत्या ढोलात गोळ्यांवर लेप चढतोय. घरंगळताना बघत राहाव्यात अशाच आहेत त्या.

जन्म मात्र अशा लखलखीत जागी झालेला नाही. 1953 साली, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला, बूट्स कंपनीचे स्टुअर्ट ॲडम्स संधिवातावर औषध शोधायला बसले ते एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत. ॲस्पिरिन होतंच; पण संधिवाताला ते इतकं घ्यावं लागे, की पोटाची वाट लागायची. जॉन निकल्सन रसायनं बनवायचे, ॲडम्स तपासायचे. गिनीपिगची कातडी भादरायची, औषध द्यायचं, अतिनील प्रकाश टाकायचा आणि कातडी लाल होते का बघायचं. सहाशेहून जास्त रसायनं अशी चाळली. काही रुग्णांपर्यंत पोचून बाद झाली: एकाने पुरळ उठलं, एकाने यकृत दुखावलं. डिसेंबर 1961 मध्ये आयबुप्रोफेन हाती लागलं, 1969 मध्ये ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. मधल्या काळात ॲडम्सनी एकदा आदल्या रात्रीच्या दारूने डोकं ठणकत असताना स्वतःच 600 मिलिग्रॅम घेतलं आणि सकाळचं भाषण निभावलं! त्यांनीच सांगितलेला किस्सा.

गंमत म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीची औषधं काम कशी करतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं ते 1971 मध्ये. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज, कळ, ताप त्यांच्यामुळे. ती बनवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ही गोळी अडवते. पण पोटाचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात तीही प्रोस्टाग्लँडिनच.

म्हणून दाढ, कंबर, पाळीचं दुखणं, ताप यांसाठी मोठ्यांनी एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, डॉक्टरांना न विचारता दिवसाला 1200च्या वर नाही, तेही थोडेच दिवस. अल्सर, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, डेंग्यूची शंका: आधी डॉक्टर. शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी बंद आणि थेट दवाखाना.

लेप वाळला. गोळ्या पट्टीत बसल्या. खोक्यात घडी घातलेला कागद सरकतोय. त्यावरची अक्षरं टिपायला आम्हाला कॅमेऱ्यापुढे भिंग धरावं लागलं.