हातोड्याआधी डायव्हर्टर

नमस्कार श्रोतेहो. घराचं काम रखडलं की खापर फुटतं गवंड्याच्या डोक्यावर. पण बरेचदा काम अडतं ते न आणलेल्या एखाद्या वस्तूपायी. एरंडवण्यातल्या एका बाथरूमची हकिगत ऐका.

बाथरूम सात फूट बाय चार. दिवाळी झाल्यावर काम काढलं, बोली तीन आठवड्यांची. पहिल्या दिवशी जुन्या टाइल्स फोडल्या, राडारोड्याची पोती जिन्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी प्लंबरने भिंतीत खाचा मारल्या आणि विचारलं, "काका, डायव्हर्टर कुठाय?" काका म्हणाले, "नळबिळ शेवटी बघू हो." प्लंबरने पिशवी उचलली आणि तो बाणेरच्या साइटवर गेला.

आता डायव्हर्टर म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे, हे वळवणारा खटका. त्याची बाहेर दिसते ती नुसती चकती आणि मूठ. बॉडी बसते भिंतीच्या आत. ती बसल्याशिवाय पाइप जोडता येत नाहीत. पाइप जोडले नाहीत तर प्रेशर टेस्ट नाही, टेस्ट नाही तर प्लास्टर नाही, मग वॉटरप्रूफिंग नाही आणि टाइलही नाही. 'शेवटी बघू' म्हटलेली वस्तू लागते पहिल्या आठवड्यात!

काकूंना हवा होता काळा मॅट, काकांना क्रोम. एकमत व्हायला संक्रांत उजाडली, आणि प्लंबर परत यायला फेब्रुवारी संपला. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर दोन खुणा असतात. तयार टाइलचा दर्शनी भाग त्या दोन खुणांच्या मधेच यावा लागतो. भिंत निघाली चार इंची, बॉडी बाहेरच राहिली. खाच खोल करायला गेले, तर पलीकडे बेडरूमचं प्लास्टर सुटलं, नेमकं कपाटामागे. कपाट काढायला सुतार हवा, तर सुतार होळीला गावी. एप्रिलमध्ये टाइल्स लावायला घेतल्या. भिंती भरल्या १४० चौरस फूट, टाइल्सही आणलेल्या बरोबर १४० चौरस फुटांच्याच. कापण्याफुटण्यात दोन खोकी कमी पडली. नवी आली ती वेगळ्या शेड नंबरची. दारावरची ओळ अजून पिवळसर दिसते. गणपतीत पाहुणे आले तेव्हा बाथरूमला दार नव्हतं, पडदा होता.

म्हणून म्हणतो, हातोड्याआधी डायव्हर्टर. परत सांगतो, हातोड्याआधी डायव्हर्टर! त्याच्याच जोडीला न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून जातं तो जाळीखालचा सापळा, आणि कमोड. कमोड घेताना भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. चार, नऊ, बारा इंच असे प्रकार येतात, चुकीचा आणलात तर फरशी पुन्हा फोडा. टाइल्स मोजमापाहून दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या एकाच शेड नंबरच्या.

जाता जाता, बाल्कनीतली धडधाकट शहाबादी उखडून चकचकीत टाइल कशाला बसवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पावसात पाय घसरला की मग पायपुसणी टाकत बसतात. असो.

वॉटरप्रूफिंग झालं की न्हाणी ट्रॅपला बोळा कोंबा, इंच-दीड इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा. ४८ तास. गवंडी म्हणेल चोवीस पुरेत. तुम्ही ४८ म्हणा. मग खाली जाऊन शेजाऱ्यांच्या छताला हात लावून बघा. फरशीचा उतार मीटरला एक सेंटिमीटर, ट्रॅपच्या दिशेने. टाइल लावणारा उठायच्या आत तांब्याभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात साचलं तर तेव्हाच टाइल उचलता येते, दुसऱ्या दिवशी नाही.

पुट्टी आणि रंग पावसाळ्यात नको. ओल्या पुट्टीवर रंग चढवला की फोड येतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचे दहा टक्के हातात ठेवा. दाराची कडी, बेसिनमागचं सिलिकॉन, स्विचची प्लेट ही सगळी अर्ध्या दिवसाची कामं. तेवढ्यासाठी कुणी स्कूटर काढत नाही, पैसे अडकले असतील तरच काढतो. आणि ही कामं रोज एक फोन करून सांगू नका. कागदावर एकत्र लिहा, कागद दाराला चिकटवा, एका फेरीत करून घ्या.

उरलेलं टाइलचं खोकं माळ्यावर टाका. पुठ्ठा रद्दीत जायच्या आधी त्यावरचा शेड नंबर माळ्याच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवा.