कोर्स तिसऱ्या आठवड्यातच का सुटतो?

नमस्कार मंडळी, इंदूरहून मी पुन्हा तुमच्यासमोर. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न कितीतरी जणांनी विचारलाय: "ताई, कॉलेज सांभाळून 'स्वयम'चा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचा, कोर्स घेतला, पण तिसऱ्या आठवड्यात सुटला. मनच लागत नाही."

लॉगिन, नावनोंदणी, तारखा तुम्हाला येतातच, ते सोडू. गाडी अडते ती व्हिडिओ संपल्यावर. आपण लगेच पुढचा लावतो. नका लावू! स्क्रीन बंद करा, वही उघडा आणि आत्ता ऐकलेलं न बघता लिहा. पाचच ओळी.

माझी भाची माझ्याकडे राहून शिकते. आठवड्याचे सगळे व्हिडिओ ती एका रात्रीत, दुप्पट वेगानं बघायची. सकाळी पोहे करताना मी विचारलं, "काय होतं गं काल?" म्हणाली, "सरांनी छान शिकवलं, मावशी." काय शिकवलं, ते मात्र सांगता येईना. असाइनमेंट अडली, आणि मग ॲप उघडणंच बंद.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं: वाचलेला उतारा पुन्हा वाचायचा, की न बघता आठवून लिहायचा? पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. त्या पहिल्या पाच मिनिटांतच आपण फसतो, सगळं आलंय असं वाटतं.

त्याच व्हिडिओखाली एकानं लिहिलंय, "मुलं आळशी झालीत." मला हे अजिबात पटत नाही. सिटी बसनं कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, आणि रात्री थकलेल्या डोळ्यांनी मोबाईल. ग्रुपवर लिंक टाकायची, वर्गात तिचा विषयही काढायचा नाही, याला हायब्रिड, म्हणजे वर्ग आणि ऑनलाइन मिळून शिक्षण, कसं म्हणायचं? शिक्षकांनो, तासाची पहिली पाच मिनिटं त्या व्हिडिओवर प्रश्न विचारा ना!

माणूस एखादी ऑनलाइन सेवा का वापरत राहतो, यावर संशोधक भट्टाचार्जींनी २००१ मध्ये ऑनलाइन बँकिंगच्या ग्राहकांवर अभ्यास केला. अपेक्षेप्रमाणे अनुभव आला, उपयोग वाटला, समाधान झालं, तर माणूस ती सेवा वापरत राहतो. अभ्यासातही मला तेच दिसतं. वहीत पाच ओळी उतरल्या की "मला येतंय" हे स्वतःलाच दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडायला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून पुन्हा सांगते: आधी वही, मग पुढचा व्हिडिओ.

आणि एखादी असाइनमेंट हुकली म्हणून कोर्स सोडू नका. 'स्वयम'वर एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे, कोर्स असतात; त्यांच्या १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंटचेच गुण धरतात. भाचीच्या दोन हुकल्या होत्या. परीक्षा तिनं दिली.