मच्छराचं दुसरं जेवण

(यावल तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. मंडळाच्या पोरांनी मला विषय दिला डेंग्यू-मलेरिया, पण मी जरा दुसऱ्या बाजूने शिरणार आहे. ताप, प्लेटलेट, सलाईन हे सगळं तुम्हाला पाठ आहे, घरोघरी कोणी ना कोणी ॲडमिट होऊन आलंय. मला बोलायचंय ते रक्त पिणाऱ्या किड्यांच्या जेवणाबद्दल. कोण कधी जेवतं, कुठे जेवतं आणि पोट भरल्यावर कुठे जाऊन बसतं. कारण डेंग्यू घ्या, मलेरिया घ्या, हत्तीरोग घ्या, एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे, आजार पुढे द्यायचा तर त्या किड्याला दोनदा जेवावं लागतं. पहिलं जेवण आजारी माणसाच्या अंगावर, दुसरं निरोगी माणसाच्या, आणि मधे आठ, दहा, कधी चौदा दिवस जातात, कारण तेवढ्या दिवसांत तो जंतू किड्याच्या पोटातून निघून लाळेपर्यंत, हत्तीरोगाचा असेल तर सोंडेपर्यंत, पोचतो. हे मधले दिवस तो किडा बहुतेक वेळा तुमच्याच घरात किंवा गोठ्यात काढतो. आपल्या हातात जे काही आहे ते या मधल्या दिवसांतच आहे, आणि मला आज एवढंच सांगायचंय.

आधी रक्ताचं बघू. मच्छराचा नर कधीच चावत नाही, तो फुलांचा गोड रस पिऊन जगतो, मादीसुद्धा रोजच्या ताकदीसाठी तोच रस पिते. रक्त लागतं ते अंड्यांसाठी, त्यातलं प्रोटीन मिळाल्याशिवाय तिची अंडी तयार होत नाहीत. एका वेळेला साधारण दोन-तीन मिलिग्रॅम रक्त, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतकं. तीन-चार दिवसांत अंडी घालून झाली की परत भूक, परत रक्त, आणि अशी ती दोन-चार आठवडे जगते. आता विचार करा, जी मादी आठवड्याभरात मेली ती कितीही वेळा चावली तरी आजार पुढे देऊच शकत नाही, धोका आहे तो जास्त जगणाऱ्या म्हातारीचा.

कधी हातावर बसलेला मच्छर न मारता भिंगातून बघा, आता मोबाईलच्या कॅमेऱ्यातही दिसतं. वरून जी सोंड दिसते ते नुसतं म्यान असतं, ते कातडीवर वाकून बाजूला राहतं आणि आत सहा बारीक सुया जातात. दोन जोड्या कातडी कापतात आणि धरून ठेवतात, एका नळीतून रक्त वर येतं आणि दुसऱ्या नळीतून लाळ खाली जाते. सुई शिरली की ती आत वाकते, इकडे तिकडे फिरते, रक्तवाहिनी शोधते. लाळेत अशी द्रव्यं असतात की रक्त गोठत नाही आणि रक्तवाहिनी पसरते, आपल्याला खाज सुटते ती या लाळेमुळे. पोट फुगून लाल होतं, मलेरियाची मादी असेल तर जेवता जेवताच मागून एक थेंब बाहेर पडताना दिसतो, रक्तातलं पाणी काढून टाकते आणि लाल पेशींसाठी जागा करते.

या दोन नळ्या लक्षात ठेवा, कारण मला गावोगाव विचारतात की मच्छराने एड्स पसरतो का. नाही पसरत. जे रक्त वर गेलं ते त्या नळीतून दुसऱ्याच्या अंगात उतरत नाही, खाली फक्त लाळ उतरते, आणि एड्सचा विषाणू मच्छराच्या पोटात पचून जातो, लाळेपर्यंत पोचतच नाही. डेंग्यूचा विषाणू मात्र पोचतो.

आता डेंग्यूचा मच्छर, एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. एका आजीने मला सर्व्हेच्या वेळी विचारलं, "भाऊ, मच्छर त रातले चावतस ना?" बरोबर आहे तिचं, आपल्या डोक्यात तेच बसलंय, मच्छरदाणी रात्री लावायची, कॉइल रात्री पेटवायची. पण एडिस जेवतो दिवसा, सकाळी सूर्य उगवल्यावर दोनेक तास आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी त्याचा जोर, आणि घरात लाईट चालू असेल तर रात्रीसुद्धा. चावतो घोट्याला, पायाला, खालून येतो, आवाज फारसा नाही. पोरं ओट्यावर चड्डी घालून अभ्यासाला बसलेली, बाया चुलीपुढे, आजोबा खाटेवर, सगळ्यांचे पाय उघडे. आणि याची सर्वात वाईट सवय म्हणजे हा एका बैठकीत जेवत नाही. जरा हात हलवला की उठतो, दुसऱ्याकडे जातो, तिथे थोडं, मग तिसऱ्याकडे थोडं. म्हणून एका घरात पाठोपाठ तिघे-चौघे तापाने पडतात आणि लोक म्हणतात पाणी खराब आहे, कोणी काही केलंय, नजर लागली. तसं काही नसतं, एकच मादी घरभर जेवून गेलेली असू शकते. ती फार लांब उडतही नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आतच तिचा संसार.

एडिस मादी अंडी घालते साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगायची गरज नाही, आठ-आठ दिवस येत नाही म्हणून प्रत्येक घरात ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी, आणि त्यात बाईमाणसाचा काही दोष नाही, पाणी नसेल तर ती साठवणारच. साठवा, पण झाका, आणि कापड बांधायचं तर गच्च बांधा. त्याहून मोठी गोष्ट कुलरची. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, कुलरशिवाय माणूस जगत नाही, मान्य. पण जूनमध्ये पाऊस पडला की तो कुलर खिडकीतच राहतो, तळाला बोटभर पाणी. मागच्या आठवड्यात याच गावात एका कुलरची टाकी बाहेर काढली, टॉर्च मारला तर अळ्या वळवळत खाली पळाल्या, आणि पाणी जिथपर्यंत होतं त्या रेषेच्या जरा वर पत्र्याला काळे बारीक ठिपके चिकटलेले, बोट फिरवलं तरी निघेनात. ती अंडी. पाणी ओतून दिलं, कुलर माळ्यावर टाकला, तरी ती अंडी महिनोन् महिने कोरडी जिवंत राहतात, पुढच्या मार्चमध्ये तुम्ही पाणी भरता आणि अंडी फुटतात. म्हणून पाणी काढा एवढं सांगून भागत नाही, टाकी काथ्याने घासा, दर आठवड्याला. आठवडाच का तर अंड्यापासून मच्छर व्हायला सात-दहा दिवस लागतात, त्याच्या आत मोडलं की झालं.

धुराच्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, कोणाला राग आला तरी. साथ आली की लोक मागणी करतात धुराळणी करा, गाडी येते, ढग उठतो, फोटो निघतात. धूर मारतो फक्त त्या वेळी हवेत उडणाऱ्या मच्छराला. एडिस तेव्हा तुमच्या बंद दारामागे खुंटीवरच्या शर्टात बसलेला असतो, धूर येतो म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. साथीच्या तोंडावर त्याचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही, पण ड्रममधल्या अळीला काही होत नाही, आठवड्याने नवी पलटण तयार.

आता मलेरियावाला, ॲनोफिलिस. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टरला याच्याच पोटात मलेरियाचे जंतू दिसले, त्याआधी लोक समजायचे की दलदलीच्या वाईट हवेने हिवताप येतो. आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणारी जी मुख्य जात आहे तिला खरं तर माणसापेक्षा ढोराचं रक्त जास्त आवडतं. गोठ्यात रात्री जेवते, तिथेच भिंतीला बसते. मग माणसात मलेरिया कसा? तर पावसानंतर संख्या एवढी वाढते की थोड्याच माद्या माणसाकडे वळल्या तरी पुरतं, आणि सातपुड्याच्या पाड्यांवर ढोरं आणि माणसं एकाच छपराखाली झोपतात, मधे फक्त कुडाची भिंत. शहरात दुसरी जात, ती छतावरच्या उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढते, म्हणून विहिरीत आणि ढोरांच्या हौदात गप्पी मासे सोडायला सांगतो.

नालीतला मच्छर म्हणजे क्युलेक्स, घाण पाण्यात वाढतो, मध्यरात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच. हत्तीरोग याच्यामुळे. आणि यातली एक गोष्ट मला दरवेळी चकित करते. हत्तीरोगाचे बारीक जंतू दिवसा आत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमाराला कातडीजवळच्या रक्तात येतात, नेमकी क्युलेक्सच्या जेवणाची वेळ! म्हणून आरोग्यवाले रात्री येऊन तुमच्या बोटाचं रक्त घेतात, त्यांना शिव्या देऊ नका, दिवसा घेतलं तर काचपट्टीवर बहुधा काही सापडत नाही.

आता ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ती, सँडफ्लाय, वाळूमाशी. मच्छराच्या निम्मी पण नाही, दोन-तीन मिलिमीटर, अंगभर केस, बसली की पंख वर उभे, उडते कमी आणि टुणटुण उड्या मारते, आवाज अजिबात नाही. हिला साठलेलं पाणी लागत नाही. आपली धाब्याची घरं, मातीच्या भिंतींच्या भेगा, उकिरडा, गोठ्यातली ओलसर शेणमाती, तिथेच हिची अळी वाढते. जेवायची पद्धतही वेगळी. मच्छर सरळ रक्तवाहिनीत बोअर मारतो, ही मात्र तापीच्या वाळूत आपण झिरा उकरतो तशी कातडी कापून खड्डा करते, त्यात रक्त साठू देते आणि मग पिते. बिहारमधला काळा आजार हिच्यामुळे, आणि आपल्या जवळचा म्हणजे चांदीपुरा. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला, 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात पोरं गेली, 2024 च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा साथ आली आणि गुजरात तर आपल्या नंदुरबारला लागूनच. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना होतो, सकाळी ताप, संध्याकाळी झटके, मेंदूवर जातो, एक-दोन दिवसांत लेकरू हातचं जातं. त्यामुळे पावसाळ्यात पोराला जोराचा ताप आणि झटका, उलट्या असं दिसलं तर भगताकडे नाही, घरी गोळी देऊन वाट बघत नाही, लगेच गाडी काढा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आत येते, बारीक जाळीची किंवा औषध लावलेली घ्या, आणि लेकरांना जमिनीवर झोपवू नका, कारण हिची उडी खालची असते.

ढेकूण? रक्त पितो, झोप घालवतो, पण आजार पसरवतो असा पुरावा नाही. पिसूचं मात्र वेगळं आहे. 1994 ला सुरतेत प्लेग आला तेव्हा तिथली आपली माणसं पळून गावी आली, इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. सुरतेतला खोकल्याने पसरणारा होता, पण मूळ प्लेग उंदरावरच्या पिसूचा. प्लेगचे जंतू पिसूच्या गळ्याशी गोळा होऊन वाट बंद करतात, रक्त पोटात जात नाही, पिसू उपाशी राहते आणि उपाशी म्हणून वेड्यासारखी चावत सुटते, प्रत्येक वेळी जंतूंसकट रक्त उलटून माणसात टाकते. मलेरियाचे जंतू लाळेत पोचले की मच्छरही जास्त वेळा चावतो असं अभ्यासात दिसलंय.

म्हणून तापाच्या माणसाला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. बाकीचे लोक घाबरून स्वतः दाणीत झोपतात आणि पेशंट बाहेर खाटेवर उघडा, हे उलटं आहे, मच्छराचं पहिलं जेवण तिथेच होतं.

आता अक्कांनी मघाशी विचारलं की गोठा घरापासून लांब नेला तर चालेल का. चालेल, जितका लांब तितकं चांगलं, पण जागा नसेल तर निदान फवारणीवाल्याला गोठ्यात जाऊ द्या. पोट भरलेली मादी जड असते, जेवल्यावर जवळच्या भिंतीला बसून रक्त पचवते, औषध त्या भिंतीवरच हवं. आपण काय करतो, समोरची खोली फवारू देतो आणि देवघर, धान्याची खोली, गोठा नको म्हणतो. आणि दुसरं म्हणजे सारवण. फवारणीचं औषध भिंतीवर साधारण अडीच महिने काम करतं, वरून शेणमातीचा हात फिरला की ते गेलं खाली दबून. पुढच्या आठवड्यात आपल्या गावात फवारणी आहे आणि दिवाळी अडीच महिन्यांच्या आतच येते. दिवाळीला घर न सारवता कसं ठेवायचं, हे मला कळतं, माझ्या घरीही हाच वाद होतो. तर असं करा, अंगण सारवा, ओटा सारवा, खालची जमीन सारवा, फवारलेल्या भिंतींना मात्र देवदिवाळीपर्यंत हात लावू नका. फवारणीच्या दिवशी भांडी, पीठ, पाण्याचा माठ बाहेर काढून झाकून ठेवा, लेकरं आणि ढोरं बाहेर, भिंती सुकल्या की आत या. पोरांनो, कोणाच्या घरी म्हातारं एकटं असेल तर सामान उचलायला तुम्ही जा.